कुऱ्हाडीच्या बदल्यात वाकस

सासऱ्यांची हत्यारं मी पालममधल्या एका सुताराला देऊन टाकली, आणि वहीत त्या ओळीपुढे बरोबरची खूण केली. खूण माझ्याच हातची आहे. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष दुसऱ्या कुणाला देता येत नाही.

मला याद्या करायची सवय आहे. परभणीतल्या एका महाविद्यालयात मी ग्रंथपाल आहे. नोंद झाल्याशिवाय पुस्तक कपाटात जात नाही, तसं घरातलं कामही लिहिल्याशिवाय होत नाही, असं माझं मत आहे. नवरा म्हणतो, "हिच्या वहीत नसेल तर दूधवालासुद्धा यायचा नाही." किराणा आणायला जाताना मात्र तो तीच वही खिशात घालून जातो.

श्रावणात सासरे पालमच्या घरी अंगणात घसरून पडले आणि घोटा मोडला. मी त्यांना मामा म्हणते. आमच्याकडे सासऱ्यांना तसंच म्हणतात. सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. घरात ते एकटे. पडल्यावर अर्धा दिवस ते अंगणातच होते, तेव्हा कुठे शेजारणीच्या लक्षात आलं. त्या अर्ध्या दिवसाचा विचार करून आम्ही त्यांना परभणीला आणायचं ठरवलं, कायमचं. त्यातलं "कायमचं" हे आमचं होतं. ते म्हणाले, "पाय बरा होऊस्तोर येतो. दिवाळीला म्या माझ्या घरी."

पालमचं घर बंद करण्यासाठी मी चौदा ओळींची यादी केली. गॅसची टाकी, धान्याच्या कोठ्या, शेजारणीकडे द्यायच्या कोंबड्या, असं. नववी ओळ होती "हत्यारं". मामा चार-पाच गावांचे सुतार. तिफणी, वखर, गाड्या, दारांच्या चौकटी, पाळणे, सगळं त्यांच्या हातचं. मग ट्रॅक्टर आले, तयार दारं आली, आणि शेवटची काही वर्षं कुदळीला दांडा बसवण्यापलीकडे त्यांच्याकडे काम येत नव्हतं.

"मामा, हत्यारांचं काय करायचं?" मी विचारलं.

"कुणाला लागत असतीन तर देऊन टाक."

मी देऊन टाकली. गल्लीच्या तोंडाशी एक तरुण सुतार प्लायवूडची कपाटं करतो, त्याला पोतं नेऊन दिलं आणि खूण केली. मामा खाटेवर प्लास्टरचा पाय लांब करून बघत होते. मी त्यांचं वाक्य जसंच्या तसं घेतलं. पुस्तकाची नोंद करताना तसंच घ्यायचं असतं, मनाचं काही घालायचं नसतं. माणसाच्या बाबतीत थोडं घालावं लागतं हे मला तेव्हा सुचलं नाही.

परभणीला मी त्यांना कपाटातला एक कप्पा रिकामा करून दिला, खाली वर्तमानपत्र अंथरून. तो कप्पा तसाच राहिला. त्यांचे कपडे एका खाकी पिशवीत होते आणि पिशवी दाराशेजारच्या खुंटीला. सदरा काढायचा, घालायचा, धुतल्यावर घडी करून परत पिशवीत. एस.टी.च्या स्टँडवर माणूस सामान मांडीवर घेऊन बसतो, तसे ते आमच्या घरात राहत होते. प्लास्टर निघालं. ते काठी न घेता चालू लागले, याचा आम्हाला आनंद झाला आणि धास्तीही वाटली. पालमच्या त्या अंगणात पुन्हा एकदा पाय घसरायला कितीसा वेळ लागतो? पण म्हाताऱ्या माणसाला जबरदस्तीने ठेवता येत नाही. मी वहीत लिहून ठेवलं, "मामा – दिवाळीनंतर? विचारणे." आणि विचारणं पुढे ढकलत राहिले.

याच दिवसांत माझ्याकडे भाषांतराचं काम आलं. अशी कामं मी अधूनमधून करते. एका मोठ्या शहरातलं संग्रहालय शाळांसाठी फिरतं प्रदर्शन तयार करत होतं. आफ्रिका खंडाच्या मध्यभागी, काँगो नदीच्या आसपास राहणाऱ्या लोकांनी केलेल्या लाकडी मूर्ती जगभरच्या संग्रहालयांत आहेत. त्यांची छायाचित्रं आणि प्रत्येकाखाली आठ-दहा ओळींची माहिती. अशा चाळीस पाट्या मराठीत करायच्या होत्या.

मी नेहमीप्रमाणे तक्ता आखला. पाटीचा क्रमांक, लोकांचं नाव, वस्तू, मराठी, शंका. पहिलीच शंका मोठी होती. इंग्रजीत सगळ्यांना एकच शब्द होता. आपल्याकडे "मूर्ती" म्हटलं की हात जोडले जातात, "पुतळा" म्हटलं की चौक आणि हार डोळ्यांपुढे येतो, "बाहुली" म्हटलं तर खेळणं होतं. दोन दिवस घालवून मी ठरवलं: ज्यांच्यापुढे लोक काही मागत, नैवेद्य ठेवत, त्या मूर्ती, जे पूर्वजांच्या आठवणीसाठी होते, ते पुतळे. मग काम झपाझप झालं. प्रत्येक पाटीत "कोरीव" हा शब्द होता. लाकडाची गोष्ट म्हटली की कोरीवच, यात मला शंका आली नाही. एकतिसाव्या पाटीवर मूर्ती नव्हती, हत्यार होतं. तिला मी नाव दिलं, "शोभेची कुऱ्हाड".

मग खंडेनवमी आली.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आमच्यात हत्यारांची पूजा असते. पालमला मामा सगळी हत्यारं धुऊन, पुसून, पोत्यावर ओळीने मांडत. झेंडूची माळ, हळदकुंकू, आणि त्या दिवशी लाकडाला हात नाही. परभणीत मी माझ्या पद्धतीने यादी केली. विळी, शिलाई मशीन, नवऱ्याचा टेप, मिक्सर आणि माझा लॅपटॉप. सगळं पाटावर मांडलं. सकाळी पाट्या तपासत होते, त्यामुळे लॅपटॉप उघडाच होता.

मामा अंघोळ करून आले. पाटाकडे बघत उभे राहिले.

"हत्यार कुठंय?"

"ही काय, सगळी मांडलीत."

"मिक्सर हत्यार हाय व्हय?"

"रोज चटणी तोच करतो," नवरा म्हणाला.

"मंग त्येलाच माळ घाल," मामा म्हणाले आणि पाटासमोर बसले. वात नीट करायला त्यांनी चष्मा चढवला आणि त्यांची नजर लॅपटॉपवर गेली.

"ह्यो वाकस कुणाचाय?"

"कुठला वाकस?"

"ह्यो. ह्या डब्यातला."

"ती कुऱ्हाड आहे, मामा. आफ्रिकेतली. शोभेची."

मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी कधीकधी पुस्तक उलटं लावणाऱ्या मुलींकडे बघते.

"कुऱ्हाडीचं पातं दांड्याच्या रेघंत असतंय, उभं. ह्येचं आडवं हाय. कुऱ्हाड तोडती, वाकस तासतो. सुताराच्या घरात इतकी सालं काढलीस, आन् वाकसाला कुऱ्हाड म्हणायलीस?"

नवरा तोंड फिरवून हसला. मी म्हणाले, "यांनी तरी कधी सांगितलं?" ते खरं होतं. वाकस म्हणजे सुताराचं तासायचं हत्यार, हे मला माहीत होतं. लग्न होऊन आले तेव्हापासून ते ओसरीत पाहत आले होते. पण नाव एका जागी आणि वस्तू दुसऱ्या जागी, दोन्हींची गाठ मी कधी घातलीच नव्हती.

मामांनी हळदकुंकवाची बोटं थेट पडद्याकडे नेली. मी झटकन झाकण मिटलं. टिळा झाकणावर बसला. त्याचा पिवळा डाग अजून आहे; महाविद्यालयात कुणी विचारलं तर सांगते, पूजेचा आहे.

आरती झाल्यावर ते म्हणाले, "उघड तो डबा. बैजवार बघू दे."

बैजवार म्हणजे नीट, सावकाश. मी चित्र मोठं केलं. त्या वाकसाच्या दांड्याच्या टोकाला माणसाचं डोकं होतं, तोंड उघडं, आणि लोखंडी पातं त्या तोंडातून जिभेसारखं बाहेर आलेलं. मामा वाकून पडद्याजवळ गेले.

"बोलायलाय ह्यो," ते म्हणाले.

मी त्यांना खालची माहिती वाचून दाखवली. तिकडे काही लोकांत मानाची माणसं समारंभाला असा वाकस खांद्यावर अडकवून येत. मूर्ती ज्या हत्याराने घडते, त्याचाच तो नटवलेला भाऊ. त्याने काही तासायचं नसतं, खांद्यावर असणं हेच त्याचं काम.

"मंग म्या काय करत हुतो?" मामा म्हणाले. "पेरणीच्या आधी शिवारातून चाललो की वाकस खांद्यावरच. बांधा-धुऱ्यावरून हाका यायच्या. 'कारागीर, इकडं या. तिफण बघा.' पाणी इचारायचे, च्या इचारायचे. खांद्यावर वाकस असला की हाक मारतेत. रिकाम्या खांद्याला कोण हाक मारतंय?"

हे तक्रार म्हणून म्हटलेलं नव्हतं. पाऊस थांबला, ऊन पडलं, अशा आवाजात ते बोलले. पण मला वहीतली नववी ओळ आठवली, आणि पाटावरचा मिक्सर दिसला.

त्या दिवसापासून मी संध्याकाळी महाविद्यालयातून आले की मामा लॅपटॉपजवळ खुर्ची ओढून बसलेले असत. "उघड." मी एकेक चित्र काढायची, ते बोलायचे, मी शंकांच्या रकान्यात लिहायची. हे दिवस चांगले गेले. आधी आमच्यात बोलणं म्हणजे "जेवलात का" आणि "गोळी घेतली का". आता वाद व्हायला लागले.

बाराव्या पाटीवरच्या पूर्वजाच्या पुतळ्याच्या पाठीवर उथळ खुणा होत्या, माशाच्या खवल्यांसारख्या ओळीने. मी लिहिलं होतं, "पाठीवर कोरीव नक्षी."

"नक्षी कशाची? वाकसाचे घाव हायेत ते. पुढून घासून गुळगुळीत केलंय, पाठ तशीच सोडली. कोरतेत ते भांड्यावरचं नाव. हे तासलेलं हाय."

"लोकांना तासलेलं कळेल का?"

"पेन्शिलीला टोक करायलेत ते काय करायलेत?"

मी "कोरीव" खोडून "तासलेला" लिहिलं, आणि मग बाकीच्या पाट्यांतही.

एका पुतळ्याला डोक्यापासून कमरेपर्यंत भेग होती. इंग्रजीत नुसतं "भेग" होतं, मी आपल्या मनाने "हाताळताना पडलेली" असं जोडलं होतं. मामा म्हणाले, "आख्ख्या गोल लाकडातून काढलाय, गाभ्यासकट, ओलं असतानाच. ओलं लाकूड तासाया मऊ असतंय. वाळताना ते फाटणारच. म्हणून तर भेग पाठीला गेली बघ, तोंड साबूत. मला तर वाटतंय त्येनं ठरवूनच तोंड तिकडं घेतलं. हुशार माणूस." मग चष्मा काढत, "आता फोटूवरून म्या किती सांगू? लाकूड हातात घेतल्याबिगर खरं कळत न्हाई." मी माझं "हाताळताना" खोडलं. पुस्तकाच्या नोंदीत मनाचं घालायचं नसतं, हा माझाच नियम, आणि तो मी मोडला होता.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही विसाव्या पाटीवर घालवला. टेके नावाच्या लोकांची ती मूर्ती. उभा माणूस, आणि पोटाच्या जागी चौकोनी पोकळी. खाली लिहिलं होतं की जाणता माणूस त्या पोकळीत पांढरी माती आणि झाडपाल्याची औषधं भरत असे आणि मगच त्या मूर्तीत सामर्थ्य येतं असं मानत. आता पोकळी रिकामी आहे.

"चाडं हाय हे," मामा म्हणाले.

चाडं म्हणजे तिफणीवरचं लाकडी वाडगं. पेरणारा त्यात मुठीने बी सोडतो आणि ते खालच्या नळ्यांतून जमिनीत जातं. मामांनी अशी किती चाडी केली असतील, त्याची यादी कुणी ठेवलेली नाही.

"चाड्यात बी न्हाई तर तिफण नुसतीच जमीन वरबाडती," ते म्हणाले. "भरलेलं कुणी काढलं ह्येच्यातलं?"

"ते लिहिलेलं नाही."

"मंग तसं लिव्ह. लिहिलेलं न्हाई म्हणून लिव्ह."

तसं पाटीवर लिहिता येत नाही. पण शंकेच्या रकान्यात मी ते घातलं.

पाट्या पाठवल्या. चार दिवसांनी संग्रहालयातल्या बाईंचा फोन आला. वयाने माझ्यापेक्षा लहान, बोलायला गोड आणि कामाला पक्की. अशी माणसं मला आवडतात.

"मॅडम, भाषांतर सुंदर झालंय. फक्त दोन शब्द बदलावे लागतील. 'वाकस' कुणालाच माहीत नाही. मी इथे पाच जणांना विचारलं. एकाने विचारलं, हे आडनाव आहे का? आपण 'कुऱ्हाड' करू. आणि 'तासलेला' ऐकून तर इथे सगळे हसले. साहेबांनी तासलं, असं म्हणतो ना आपण. 'कोरीव' छान आहे."

महिन्यापूर्वी हे दोन्ही शब्द मीच वापरले होते. मी म्हणाले, "कुऱ्हाड चूक आहे. पातं आडवं आहे."

"पण मुलांना फरक कळायला काही चित्र वगैरे? आपल्याकडचा वाकस आणि त्याने तासलेलं लाकूड, असा एखादा फोटो मिळाला तर मी वरिष्ठांना दाखवू शकते. परवा फाइल छपाईला जाईल."

"उद्या पाठवते," मी म्हणाले आणि फोन ठेवला. समोर मामा बसले होते. त्यांनी माझ्या बाजूचं बोलणं सगळं ऐकलं होतं.

"फोटो कशाचा पाठवतीस?" त्यांनी विचारलं.

मी वहीतली नववी ओळ काढली.

"गेला की तो," ते म्हणाले. "माझ्या बापाचा हुता. आता कुऱ्हाड तर कुऱ्हाड. जाऊ दे." आणि उठून आपल्या खोलीत गेले. खुंटीवरची पिशवी काढल्याचा आवाज आला. सदऱ्याची घडी घालत असणार. दिवाळीला जेमतेम आठवडा होता.

बाईंना मी दोन दिवसांची मुदत वाढवून मागितली, त्यांनी दिली. दुसऱ्या दिवशी रजा टाकून सकाळच्या गाडीने निघाले. गंगाखेडला गाडी बदलून पालमला उतरेपर्यंत उन्हं चढली होती. सुताराच्या दुकानात मशीन घरघरत होतं. त्याने ते बंद केलं.

"ताई, तुमी?"

"ते हत्यारांचं पोतं दिलं होतं ना तुम्हाला, त्यातला वाकस परत पाहिजे होता."

"पोतं हाय तसंच. मला मशीन हाय, रंधा कामून लागतोय? वाकस तेवढा..." त्याने मागच्या अंगणाकडे पाहिलं.

मागच्या अंगणात त्याची आई बसली होती. समोर बाभळीच्या फांद्यांचा ढीग, आणि हातात मामांच्या वडिलांचा वाकस. ती सरपण फोडत होती.

"आजी, तो वाकस मला परत न्यायचा आहे," मी म्हणाले.

"देलेलं परत न्हेतेत व्हय?"

"चूक झाली माझी."

"चूक तुझी, आन् थंड पाण्यानं अंघुळ म्या करू?"

"माय, दे की," सुतार म्हणाला.

"तू गप. तुझ्या मशीनवर पाणी तापतंय का?"

तिचं बरोबर होतं. मी एका माणसाचं हत्यार त्याला न विचारल्यासारखं विचारून काढून घेतलं होतं, आता तेच दुसऱ्यांदा करायला निघाले होते. "अर्ध्या तासात येते," म्हणाले आणि बाजारात गेले. लोखंडी सामानाच्या दुकानातून कुऱ्हाड घेतली, दांडा बसवून, पाचर ठोकून. परत येऊन आजीपुढे ठेवली. तिने अंगठ्याने धार पाहिली. एक फांदी उभी धरली आणि एका घावात दोन केली.

"ही बरी हाय," ती म्हणाली. "तुझं ते हत्यार सारखं तिरपंच जायचं."

"त्याचं पातं आडवं आहे, आजी."

"म्हणून व्हय," ती म्हणाली आणि वाकस माझ्याकडे सरकवला.

वहीत मी तिथेच उभ्याने लिहिलं: कुऱ्हाड, दिली. वाकस, घेतला. धारेचा दगड आणि लाकूड खोदायच्या दोन पटाशा पोत्यातून काढून घेतल्या, बाकीचं पोतं नवरा नंतर नेईल असं सांगितलं.

परतीच्या गाडीत वाकस टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरला होता. दांडा बाहेर येत होता. कंडक्टर तिकीट फाडताना थांबला.

"मावशी, काय हाय ते?"

"वाकस."

"कुणाकडं न्यायलाव?"

"सासऱ्यांकडे."

मागच्या बाकावरचा एक जण म्हणाला, "लय दिवसाचं भांडण दिसतंय." अर्धी गाडी हसली. मीही हसले. गंगाखेडपर्यंत मग शेजारच्या बाईने मला तिच्या सासऱ्यांच्या गोष्टी सांगितल्या.

घरी पोचले तेव्हा मामा गॅलरीत होते. मी टॉवेल सोडून वाकस त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी तो दोन्ही हातांनी उचलला, दांडा तळव्यात फिरवला, पात्यावरून अंगठा नेला. धारेला तीन ठिकाणी दाते पडले होते.

"सरपण फोडत होती सुताराची आई," मी सांगितलं.

"फोडू दे. उपाशी तर न्हाई ठिवला तिनं." मग पटाशा बघून, "आन् दगड?"

"आणलाय."

"हां."

तेव्हापासून अंधार पडेपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून दगडावर पातं घासल्याचा आवाज घरभर होता. दुपारी ते खाली वाहनतळात गेले. वीजमंडळाच्या माणसांनी तारांखालच्या निंबाच्या फांद्या छाटल्या होत्या, त्यातला मांडीएवढा जाड ओंडका भिंतीशी पडला होता. तो त्यांनी पायाखाली धरला, एक पाय पुढे, तोच मोडलेल्या घोट्याचा. मी म्हणाले, "मामा, पायाकडे लक्ष."

"तू फोटूकडं लक्ष दे."

पहिला घाव जरा घसरला. दुसरा बसला. मग घाव मोजण्याइतके सावकाश राहिले नाहीत. साल गेली, पांढरं लाकूड निघालं, आणि त्यावर एकामागे एक उथळ खुणा उमटत गेल्या, माशाच्या खवल्यांसारख्या. मी बाराव्या पाटीवरची पाठ फोनवर काढून शेजारी धरली. हजारो कोस लांबच्या कुणा माणसाचे घाव आणि निंबाच्या ओंडक्यावरचे हे घाव, दोन्हींत मला तरी फरक सांगता आला नसता. मामांनी दोन्हींकडे पाहिलं आणि म्हणाले, "त्येचा हात माझ्यापेक्षा हलका हाय." मग वाकस खांद्याला अडकवून कपाळ पुसायला लागले. तो फोटोही मी काढला.

समोरच्या इमारतीतले एक गृहस्थ स्कूटर लावत होते. ते म्हणाले, "काका, आमच्या पाटाचा पाय निघालाय. बघता का जरा?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं नाही, पण मी तिथेच आहे हे त्यांना माहीत होतं. "घेऊन या की," ते म्हणाले.

फोटो त्याच संध्याकाळी पाठवले. बाईंचा फोन सकाळी आला. "मॅडम, दोन्ही फोटो शेजारी ठेवल्यावर बोलायला काही उरलंच नाही. वाकस ठेवतोय, तासलेलाही ठेवतोय. खाली एक ओळ देऊ: सुताराचं आडव्या पात्याचं हत्यार. आणि ते खांद्यावर वाकस घेतलेले काका... तो फोटो छापला तर चालेल का?"

मी मामांना विचारलं. या वेळी जरा थांबून, त्यांच्या तोंडाकडे बघून विचारलं.

"माझा नगं. मला कोण वळखतंय? वाकसाचा छापा."

एकतिसाव्या पाटीवर आता कोपऱ्यात एक छोटं छायाचित्र आहे. निंबाचा ओंडका, वाकस, आणि दांड्यावर एक हात. माणूस चौकटीबाहेर आहे. मामांनी छापील नमुना हातभर लांब धरून पाहिला आणि "बरंय" म्हणाले. त्या दिवशी त्यांना पाटाच्या पायाची जास्त घाई होती.

वसुबारसेच्या सकाळी मी दिवाळीची यादी घेऊन बसले. रवा, बेसन, पणत्या, उटणं. शेवटच्या पानावर ती जुनी ओळ होतीच: "मामा – दिवाळीनंतर? विचारणे." आता टाळण्यासारखं काही नव्हतं. मी वही घेऊनच त्यांच्या खोलीत गेले. ते खोलीत नव्हते.

खुंटीवर पिशवी होती, पण तिचा आकार बदलला होता. खाली जड, वर वाकसाचा दांडा बाहेर. मी कपाट उघडलं. वर्तमानपत्र अंथरलेल्या कप्प्यात सदरे, धोतरं, दाढीचं सामान, सगळं कोंबलेलं होतं. घड्या वाकड्या, धोतराखाली गोळ्यांची पाकिटं. मी काही नीटनेटकं केलं नाही. कपाट लावून घेतलं.

जिन्यात त्यांची पावलं वाजली. हाताला लाकडाचा भुसा लागला होता.

"बाई, वही हाय का हातात? लिव्ह." ते खुर्चीवर बसले. "एक कानस. बारीक दाताची. आन् वाकसाला तेल. त्या निंबाच्या ओंडक्याला कुणी हात लावू नये म्हणून खाली सांगून ठिव, तो वाळाया दोन-तीन म्हैने लागतेत, मंग त्येचा पाट करू."

मी लिहून घेतलं. "कानस आजच आणायची का?"

"कशाला? आज बाजारात दिवाळीची गर्दी हाय," ते म्हणाले. "दिवाळीनंतर आणलीस तरी चालंल."

मी त्यांच्या ओळीखाली तसं लिहिलं, आणि वरची जुनी ओळ खोडून टाकली.